तोल जातो तो कुणाचा?

‘धावत्या लोकलमधून तोल जाऊन पडल्याने प्रवाशाचा मृत्यू.’ मुंबईच्या वृत्तपत्रांत हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की ते वाचताना आता कुणाचीही नजर अडखळत नाही. पंचनाम्यात, नुकसानभरपाईच्या दाव्याला दिलेल्या उत्तरात आणि नंतर घरोघरीच्या चर्चेतही तेच शब्द फिरत राहतात. ‘तोल गेला’ असे एकदा म्हटले की घटनेचा कर्ता ठरून जातो. ज्याचा तोल गेला, तोच जबाबदार! डब्यात किती माणसे होती, दार उघडे का होते, हाताला धरायला काही होते का, हे प्रश्न मग आपोआप मागे पडतात. म्हणूनच तोल म्हणजे नेमके काय, शरीरात तो कोण सांभाळते आणि कोणत्या मर्यादेपर्यंत सांभाळू शकते, हा केवळ शरीरशास्त्राच्या वर्गातील विषय उरत नाही. बोरीवलीसारख्या उपनगरातून रोज सकाळी घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो जगण्या-मरण्याचा विषय आहे.

बोरीवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटरचे. जलद गाडीनेही पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो आणि गर्दीच्या वेळी हा प्रवास बहुतेकांना उभ्यानेच करावा लागतो. विरार-वसईकडून येणारी गाडी बोरीवलीला पोहोचते तीच भरून. या पाऊण तासात गाडी वेग घेते, ब्रेक लावते, रूळ बदलते, वळणावर कलते. प्रत्येक वेळी उभ्या माणसाचे शरीर पुढे, मागे वा बाजूला ढकलले जाते आणि प्रत्येक वेळी ते स्वतःला सावरते. हे सावरणे प्रवाशाच्या ध्यानीही येत नाही. तो शेजाऱ्याशी राजकारणावर वाद घालत असतो, मोबाइलवर बातम्या वाचत असतो, डोळे मिटून पेंगतही असतो. मग सावरण्याचे काम करतो कोण?

आतल्या कानातील तोलाचे इंद्रिय, डोळे आणि तळपायाची त्वचा यांचा त्यात वाटा आहेच. तथापि सर्वांत मोठ्या भागीदारांपैकी एक असूनही अनेकांना ठाऊक नसलेला भाग म्हणजे आपल्या स्नायूंच्या आत दडलेले संवेदी ग्राहक. स्नायू म्हणजे केवळ आज्ञा झाली की आकुंचन पावणारा मांसाचा पट्टा, ही समजूत अपुरी आहे. स्नायू हे एक ज्ञानेंद्रियही आहे. त्याच्या तंतूंमध्ये काही मिलिमीटर लांबीचे, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असे सूक्ष्म ग्राहक समांतर बसविलेले असतात. चरख्याच्या चातीशी असलेल्या साम्यामुळे त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. मानवी शरीरात ते सुमारे ५० हजार असावेत, असा अंदाज आहे. मानेच्या खोल स्नायूंत आणि हाताच्या बारीक स्नायूंत त्यांची दाटी विशेष असते. स्नायू ताणला गेला की तर्कूही ताणला जातो आणि त्याला वेटोळे घालून बसलेला चेतातंतू ‘किती ताण पडला, किती वेगाने पडला’ ही वार्ता मेरुरज्जूकडे धाडतो. शरीरातील सर्वांत जलद तंतूंमध्ये या तंतूची गणना होते. त्यातून संदेश ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो.

मेरुरज्जूत पोहोचलेली ही वार्ता मेंदूच्या परवानगीची वाट पाहत थांबत नाही. तीच वार्ता, मध्ये केवळ एक जोड ओलांडून, त्याच स्नायूला आकुंचन पावण्याची आज्ञा देणाऱ्या पेशीला जागे करते आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या स्नायूला सैल पडण्याचा निरोप जातो. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडीने टिचकी मारतात आणि पाय पुढे उडतो, तो याच यंत्रणेचा पुरावा होय. टिचकी आणि स्नायूची हालचाल सुरू होणे, यांत सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग जातो. गाडीने ब्रेक लावला की शरीर पुढे झुकते, पोटरीचे स्नायू ताणले जातात आणि तेच शरीराला मागे खेचतात. गाडीने वेग घेतला की नडगीच्या पुढच्या स्नायूंवर ही जबाबदारी येते. अर्थात, उभ्या माणसाचा तोल सावरायला एवढी साधी प्रतिक्षिप्त क्रिया पुरत नाही. खरी दुरुस्ती मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांच्या साह्याने, सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात होते. विचार करून मुद्दाम केलेली हालचाल तर त्याहूनही उशिरा, सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास वा त्यानंतर सुरू होते. हे तीन आकडे ध्यानात ठेवावेत. पुढील सारा हिशेब त्यांवरच उभा आहे.

तर्कूच्या जोडीला आणखी एक पहारेकरी आहे. स्नायू जेथे कंडरेला जोडला जातो, त्या सांध्यावर बसलेला. इटालियन शास्त्रज्ञ कॅमिलो गॉल्जी यांच्या नावाने तो ओळखला जातो. तर्कू लांबी मोजतो, हा ग्राहक जोर मोजतो. जोर धोक्याच्या पातळीला गेला की स्नायू सैल सोडणारा सुरक्षा-खटका, अशी त्याची ओळख बराच काळ शिकविली गेली. आता असे दिसून आले आहे की तो अगदी अल्प जोरालाही प्रतिसाद देतो आणि उभे राहताना, चालताना शरीराचा भार पेलणाऱ्या स्नायूंना उलट बळ देण्यातही त्याचा हातभार लागतो. शरीराला स्वतःच्या स्थितीची जी आतून जाणीव असते, तिला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. मराठीत तिला स्थितिसंवेदना म्हणता येईल. शेरिंग्टन यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ताणाचे विद्युत्-संदेशात रूपांतर करणारा ‘पिएझो-२’ हा रेणू शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना तोच सन्मान २०२१ मध्ये लाभला. म्हणजे या यंत्रणेचे कुलूप उघडायला विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला.

ही संवेदना नाहीशी झाली तर काय होते, याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. ब्रिटनमधील इयान वॉटरमन या तरुणाची १९७१ मध्ये, एका आजारानंतर, मानेखालची स्पर्श व स्थितीची संवेदना नष्ट झाली. स्नायूंत बळ होते. परंतु हातपाय कोठे आहेत हेच कळत नसल्याने त्याला उभेही राहता येईना. पुढे डोळ्यांनी प्रत्येक अवयवावर पहारा ठेवत तो चालायला शिकला. मात्र एकाएकी अंधार झाला की कोसळत असे. महाराष्ट्राने या यंत्रणेच्या बिघाडाची चुणूक अलीकडेच पाहिली. २०२५ च्या आरंभी पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गुइलेन बॅरी सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंवर हल्ला करते. स्नायू दुबळे पडतात आणि गुडघ्यावरच्या हातोडीला पाय उत्तर देईनासा होतो, ही त्याची एक मुख्य खूण. स्नायू आणि मेरुरज्जू यांच्यातील टपाल बंद पडले की माणूस उभा राहू शकत नाही, हे तेव्हा अनेक कुटुंबांनी अनुभवले.

आता पुन्हा गाडीच्या डब्यात येऊ. धडधाकट माणसाची ही यंत्रणा अद्भुत असली तरी तिच्या काही अटी आहेत. धक्का बसल्यावर शरीराकडे सावरण्याचे मुख्यतः तीन मार्ग असतात. धक्का लहान असेल तर घोट्यापाशी झुलून, थोडा मोठा असेल तर कमरेत वाकून आणि त्याहून मोठा असेल तर एक पाऊल टाकून. हे तिन्ही मार्ग मोकळे असतील, तरच स्नायूंनी वेळेवर धाडलेल्या वार्तेचा उपयोग. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ प्रवासी उभे असतात, हा रेल्वेच्याच परिभाषेत रूढ झालेला आकडा आहे. एवढ्या दाटीत कमरेत वाकता येत नाही. पाऊल टाकायला जागा नसते. बहुधा दोन्ही पाय पुरते टेकलेलेही नसतात. वार्ता पोहोचते, आज्ञाही सुटते. पण ती अमलात आणायला जमीनच नसते!

तरीही आतला माणूस सहसा पडत नाही, कारण चहूबाजूंची शरीरे त्याला उभे धरून ठेवतात. हाच नियम दारात उलटा होतो. दारातल्या शेवटच्या माणसाच्या तीन बाजूंना गर्दी असते आणि चौथ्या बाजूला काहीही नसते. डब्यात एका टोकाला निर्माण झालेला धक्का माणसामाणसांतून सरकत त्याच्यापर्यंत येतो, तेव्हा तो पुढे देण्यासाठी त्याच्यासमोर शेजारी उरत नाही. आतल्या माणसाचा तोल गर्दी सांभाळते. दारातल्या माणसाचा तोल गर्दीच घालवते. या घटनेचे वर्णन ‘प्रवाशाचा तोल गेला’ असे करणे व्याकरणाला धरून असेल, पण वस्तुस्थितीला धरून नाही.

राहता राहिला तो हात. दारातला मधला खांब वा वरची कडी धरलेला हात हाच अशा प्रवाशाचा खरा आधार असतो. ब्रिटिश संशोधक मार्सडेन, मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८१ मध्ये केलेले प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहेत. उभ्या माणसाच्या एका हाताला हलका झटका दिला असता, टेबलाच्या कडेवर टेकलेला दुसरा हात इतक्या झटपट घट्ट होत असे की ती हालचाल विचारपूर्वक केलेली असणे शक्यच नव्हते. मात्र त्याच हातात चहाचा कप दिला की प्रतिक्रिया उलट दिशेची होई. शरीराऐवजी चहा सांभाळला जाई. म्हणजे शरीर कोणत्या आधारावर विसंबायचे हे आधीच ठरविते आणि त्यानुसार प्रतिक्षिप्त क्रियांचा पसारा मांडते. दारातला प्रवासी पायांवरचा भरवसा काढून तो पंजाच्या आणि दंडाच्या स्नायूंवर टाकतो. हे स्नायू बारीक कामात निष्णात असले तरी सततचा भार पेलायला तयार केलेले नाहीत. बोटांची पकड मिनिटागणिक थकते. घामाने खांब निसटता होतो. शिवाय थकलेल्या स्नायूंकडून येणारी स्थितीची वार्ता चुकीची असते, हेही प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. बोरीवलीला चढताना जो हात भरवशाचा वाटतो, तोच अंधेरी येईपर्यंत तितका भरवशाचा राहिलेला नसतो आणि तसा तो राहिला नाही हे प्रवाशाला नीट कळतही नाही.

त्यात वेगाचा हिशेब मिळवावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. शरीराला तोल सावरायला लागणाऱ्या त्या सेकंदाच्या दहाव्या भागात ती दोन मीटरहून अधिक अंतर कापते. विचार करून अंग आत घ्यायचे म्हटले तर चार मीटरहून अधिक. रुळांलगतचा खांब किंवा समोरून येणारी दुसरी गाडी अशा वेळी पुढ्यात आली, तर जगातला कोणताही निष्णात डोंबारी स्वतःला वाचवू शकणार नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मध्य रेल्वेवर मुंब्र्याच्या वळणावर नेमके हेच घडले. परस्परांना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतील प्रवासी एकमेकांवर घासले गेले आणि खाली कोसळले. त्यांतील चौघांनी त्याच दिवशी प्राण गमावले. त्यानंतरच्या चौकशांत एका बाजूने प्रवाशाच्या पाठीवरच्या पिशवीकडे बोट दाखविण्यात आले, तर दुसऱ्या बाजूने रुळांच्या देखभालीकडे. दोन्ही मुद्दे तपासले जावेत. परंतु दोन्ही गाड्यांची दारे उघडी होती, ही मूळ गोष्ट तपासण्याचीही गरज नाही.

आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ‘सरासरी प्रवासी’ अशी व्यक्ती डब्यात कोठेच नसते. वयोमानानुसार स्नायूंतील ग्राहकांची संवेदनक्षमता आणि चेतातंतूंचा वेग दोन्ही मंदावतात. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपाय आणि घोट्यांकडून येणाऱ्या संवेदना बोथट होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. पन्नाशी ओलांडलेला, दहा-बारा वर्षे मधुमेह असलेला नोकरदार आणि विशीतला विद्यार्थी एकाच खांबाला धरून उभे असतात. पैकी पहिल्याला आपली यंत्रणा मंदावली आहे याची कल्पनाही नसते, कारण ती नीट चालू असतानाही त्याला तिची कधी जाणीव झालेली नव्हती.

न्यायालयांनी या वास्तवाची दखल रेल्वे प्रशासनापेक्षा आधी घेतली, असे म्हणावे लागेल. रेल्वे कायदा, १९८९ मधील कलम १२४-अ नुसार गाडीतून अपघाताने पडणे ही ‘अनुचित घटना’ मानली जाते आणि तिच्या भरपाईसाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रभाकरन विजय कुमार खटल्यात या तरतुदीचा अर्थ उदारपणे लावला. डिसेंबर २०२५ मध्ये, पश्चिम रेल्वेवरील २००५ सालच्या एका मृत्यूच्या प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाने गर्दीच्या वेळी दारात उभे राहण्यावाचून प्रवाशाला पर्याय नसतो आणि त्याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. वीस वर्षे एका कुटुंबाला जे सांगावे लागले, ते कोणत्याही सकाळी बोरीवलीच्या फलाटावर उभे राहिले तर दोन मिनिटांत दिसते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. जागा असतानाही काही तरुण वाऱ्यासाठी वा मर्दुमकी मिरविण्यासाठी दारात लटकतात, त्यांचे काय? आक्षेप खोटा नाही. टपावर वा पायरीवर प्रवास करणे कलम १५६ नुसार गुन्हाच आहे आणि अशा कसरतींचे समर्थन कुणीही करू नये. परंतु मूठभरांच्या कसरतीवरून सर्वांच्या अगतिकतेचे मोजमाप करता येत नाही. शिवाय ग्राहकांना आणि चेतातंतूंना हेतू कळत नाही. हौसेने लटकणारा आणि नाइलाजाने लटकणारा, दोघांच्याही शरीराला सेकंदाचा तेवढाच दहावा भाग लागतो. सूचनांच्या घोषणा, भित्तिपत्रके आणि दंड यांनी वर्तन थोडेफार बदलेल. शरीराचा वेग बदलणार नाही. जे प्रबोधनाने बदलत नाही, तेथे रचनाच बदलावी लागते.

ही रचना कशी असावी, याचा पहिला धडा योगायोगाने बोरीवलीनेच दिला. देशातील पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरीवलीहून चर्चगेटकडे सुटली. तिची दारे आपोआप मिटतात. मेट्रोही बोरीवली पश्चिमेतून धावू लागली आहे आणि तिच्या गर्दीतही दारातून कुणी पडत नाही. माणसे तीच, त्यांचे स्नायू तेच. फरक फक्त दाराचा आहे. पश्चिम रेल्वेवर आज वातानुकूलित फेऱ्या शंभराहून अधिक असल्या तरी दिवसभरातील एकंदर फेऱ्या सुमारे १,४०० आहेत. बहुसंख्य प्रवासी अजूनही उघड्या दारांच्या गाड्यांतूनच जातात. रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर २०२३ मध्ये झालेल्या सुमारे अडीच हजार मृत्यूंपैकी जवळपास सहाशे गाडीतून पडून झाले, ही आकडेवारी या संदर्भात बोलकी आहे.

मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर साध्या लोकललाही स्वयंचलित दारे बसविण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. कोंदटपणा टाळण्यासाठी दारांना झडपा, छतातून हवा खेळविणारी यंत्रणा आणि डब्यातून डब्यात जाण्यासाठी मार्ग अशी त्याची रूपरेषा आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र दार मिटले म्हणजे गर्दी मिटली असे नव्हे. फेऱ्या न वाढविता केवळ दारे मिटली, तर बाहेर पडणारा प्रवासी आत गुदमरेल आणि ज्याला चढता आले नाही तो फलाटावर धोका पत्करेल. त्यामुळे जादा मार्गिका, जादा फेऱ्या आणि परवडणारे भाडे ही दारांचीच उरलेली बाजू आहे. जोडीला बुटक्या माणसांच्या व स्त्रियांच्या हाताला सहज पोहोचतील अशा कड्या, घामातही न निसटणारे खांब, गाडी आणि फलाट यांतील समान अंतर, या गोष्टी खर्चाने लहान असल्या तरी स्नायूंच्या पहारेकऱ्यांना काम करायला आधार देणाऱ्या आहेत.

आणि एक बदल तर बिनखर्चाचा आहे. अपघाताच्या नोंदीत ‘तोल जाऊन’ एवढ्यावर न थांबता गाडी कोणती, वेळ कोणती, दार उघडे होते की मिटलेले, डब्यात गर्दी किती आणि प्रवासी कोठे उभा होता, हे रकाने भरले जावेत. कारण नीट लिहिले गेले नाही की उपायही नीट सुचत नाही. ज्या शरीराने जन्मापासून, झोपेत पेंगतानाही, प्रत्येक धक्क्याला सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर दिले, त्यानेच चूक केली असे लिहून कागद बंद करण्यापूर्वी त्याला पाऊल टाकायला किती जागा दिली होती, हे विचारायला हवे.